ज्यू मुलं लपवण्याचं काम नीट दाखवा: शिक्षक, बालनाट्यकार आणि कुमारलेखकांना खुले पत्र

शाळेत इतिहास शिकवणारे शिक्षक, बालनाट्यं आणि एकांकिका बसवणारे दिग्दर्शक, कुमारांसाठी लिहिणारे लेखक-अनुवादक, सर्वांना

सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून वाचलेल्या ज्यू मुलांची गोष्ट मराठीत बहुतेकदा एकाच साच्यातून येते. एक माळा, एक भेदरलेलं मूल, एक दयाळू बाई, जिन्यावर बुटांचा आवाज. प्रेक्षक रडतात, पडदा पडतो. त्या रडण्याबद्दल आमची तक्रार नाही. पण मूल वाचलं कसं, हे या साच्यात कुठेच दिसत नाही. मूल लपवणं हे काम होतं. रोजचं, चिकाटीचं, कागदपत्रांचं, पैशांचं, दुधाच्या कूपनांचं. एका मुलामागे अनेक माणसं लागत, आणि त्यांतली निम्मीअधिक एकमेकांना ओळखतही नसत. ते काम वर्गात, रंगमंचावर, पुस्तकात यावं, एवढ्यासाठी हे पत्र. त्यासाठी लागणारा तपशील इथेच देतो आहोत. हवा तसा वापरा.

सुरुवात ॲन फ्रँकपासून करायला हवी, कारण आपल्याकडे लपलेलं ज्यू मूल म्हटलं की तीच डोळ्यांपुढे येते. 6 जुलै 1942 ते 4 ऑगस्ट 1944 एवढा काळ नेदरलंड्समधल्या ॲम्स्टरडॅम शहरात, प्रिन्सेनग्राख्ट 263 या इमारतीच्या मागच्या भागात आठ माणसं लपली होती. त्यांतले ऑटो फ्रँक तेवढे जिवंत परतले. हे सगळं खरं, पण हे उदाहरण अपवादाचं आहे. आईवडील आणि दोन्ही मुली एकत्र, स्वतःच्याच कंपनीच्या इमारतीत, आधीपासून सामान साठवून आणि विश्वासातले कर्मचारी हाताशी ठेवून लपले. हे फार थोड्यांना जमलं. चार जणांच्या कुटुंबाला एकत्र ठेवून घेणारं घर सापडत नसे. म्हणून आईबाप एकीकडे, मुलं दुसरीकडे, भावंडंही वेगवेगळ्या गावांत, अशीच बहुतेकांची ताटातूट झाली. आणि लहान मुलं बहुतांशी उघड्यावर राहिली. दुसऱ्याच नावाने अंगणात खेळली, शाळेत गेली, चर्चमध्ये बसली. तीन वर्षांच्या मुलाला दिवसभर माळ्यावर गप्प बसवून ठेवता येत नाही, हे ज्याने मूल सांभाळलंय त्याला सांगायला नको.

नेदरलंड्सच का, असं कुणी विचारेल. मे 1940मध्ये जर्मनीने हा देश घेतला तेव्हा तिथे सुमारे 1 लाख 40 हजार ज्यू होते. त्यांतल्या सुमारे 1 लाख 2 हजारांचा खून झाला. पश्चिम युरोपात इतकं मोठं प्रमाण दुसऱ्या कुठल्याच देशात नाही. नोंदणी चोख होती, हे त्याचं एक मोठं कारण. जानेवारी 1941मध्ये ज्यूंना स्वतःची नोंद करायला लावली आणि बहुतेकांनी ती केली. मग ओळखपत्र आलं. याकोब लेंट्स नावाच्या डच अधिकाऱ्याने ते असं बनवलं की त्याची नक्कल करणं महाकठीण: जलचिन्हाचा कागद, फोटो, बोटाचा ठसा, ज्यू असेल तर मोठा काळा ‘जे’, आणि फोटो-ठशाची दुसरी प्रत हेगमधल्या मध्यवर्ती दप्तरात. म्हणजे खोटं ओळखपत्र कितीही हुबेहूब असलं तरी हेगला विचारणा गेली की संपलं. 11 एप्रिल 1944 रोजी ब्रिटिश विमानांनी हे दप्तर ज्या क्लाइकाम्प इमारतीत होतं ती बॉम्बने उडवली ती याचसाठी. त्याआधी 27 मार्च 1943 रोजी ॲम्स्टरडॅमच्या लोकसंख्या-नोंदणी कचेरीला प्रतिकारगटाने आग लावली होती. अग्निशमन दलाने मुद्दाम रेंगाळत येऊन गरजेपेक्षा जास्त पाणी मारलं, तरी फार तर 15 टक्के नोंदी नष्ट झाल्या. गच्च बांधलेल्या दप्तराचे कागद सहजासहजी पेटत नाहीत.

या सगळ्यात लहान मुलांना एकच सवलत होती. चौदा-पंधरा वर्षांखालच्यांना ओळखपत्र लागत नसे, आणि मे 1942पासून ज्यूंनी कपड्यांवर लावणं सक्तीचा झालेला पिवळा ताराही सहा वर्षांपासून पुढच्यांनाच होता. म्हणून तान्हं किंवा चारेक वर्षांचं मूल बाहेर काढणं त्यातल्या त्यात सोपं. दहा वर्षांच्या मुलाचा तारा आधी उसवावा लागे. तारा डाव्या छातीवर पक्का शिवलेला असला पाहिजे असा हुकूम होता. तो उसवला की टाक्यांची भोकं राहतात, आणि कोट जुना असेल तर ताऱ्याखालचं कापड न विटलेलं, गडद दिसतं. सहा टोकांचा डाग. तेवढ्यावरून माणूस पकडला जाऊ शकतो. मग कोट बदलायचा, नाहीतर शाल, दप्तर, बाहुली असं काहीतरी छातीशी धरायला द्यायचं. नाटकाची वेशभूषा करणाऱ्यांनी हा गडद डाग एकदा करून बघावा.

आता ती जागा, जिच्यावर एक अख्खं नाटक उभं राहील. ॲम्स्टरडॅममधली प्लांताझे मिडनलान हा रस्ता. एका बाजूला हॉलंडशे स्खाउबुर्ख हे नाट्यगृह. 1942च्या उन्हाळ्यापासून पकडलेल्या ज्यूंना इथे आणून कोंडत आणि इथून वेस्टरबोर्क या संक्रमण-छावणीत पाठवत. वेस्टरबोर्कहून बहुतेकदा मंगळवारी गाडी पूर्वेकडे सुटे, पोलंडमधल्या आउशवित्झ किंवा सोबिबोर या मृत्युछावण्यांकडे. 1943च्या मार्च ते जुलै या काळात सोबिबोरला 19 गाड्या गेल्या. त्यांतल्या 34 हजारांहून अधिक माणसांपैकी युद्धानंतर परतले 18.

नाट्यगृहात गर्दी वाढली, मुलांचा गलका पहारेकऱ्यांना नकोसा झाला, म्हणून 1942च्या शरद ऋतूपासून मुलांना आईबापांपासून वेगळं करून रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवायला लागले. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल. त्या स्वतः ज्यू, त्यांच्या हाताखालच्या मुलीही ज्यू, बऱ्याचशा विशीच्या आतबाहेरच्या. नाट्यगृहातलं ज्यू कौन्सिलचं, म्हणजे जर्मनांनी ज्यूंचीच माणसं घेऊन नेमलेल्या समितीचं, कामकाज वॉल्टर झ्यूसकिंड बघत. ते जर्मनीतून आलेले ज्यू, जर्मन अस्खलित, पहारेकऱ्यांशी गप्पा मारून, त्यांना दारू पाजून गाफील ठेवण्यात तरबेज. त्यांच्या जोडीला फेलिक्स हाल्वरस्टाड. पाळणाघराच्या शेजारीच शिक्षक-प्रशिक्षण विद्यालय होतं, त्याचे प्रमुख योहान फान हुल्स्ट. ते ज्यू नव्हते. दोन्ही इमारतींच्या मागच्या बागांमध्ये फक्त एक कुंपण होतं.

काम कसं चाले, ते पायरीपायरीने सांगतो, कारण नाटकात नेमकं हेच गळतं.

आधी आईबापांची संमती. पाळणाघरातली मुलगी रात्री नाट्यगृहात जाऊन विचारे: तुमचं मूल आम्ही बाहेर काढू शकतो, पण कुठे जाईल ते सांगू शकत नाही, कारण आम्हालाही ते ठाऊक नसेल. उत्तर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी हवं असे. पुष्कळ आईबाप नाही म्हणाले. पूर्वेकडे कष्टाची छावणी आहे, निदान आपण एकत्र तरी असू, असं त्यांना वाटे. पोटचं पोर अनोळखी हातात देण्यापेक्षा ते बरं वाटणं यात काहीच वावगं नाही. रंगमंचावर अशा आईला भोळी किंवा हट्टी दाखवू नका. गाडी कुठे जाते आणि तिथे काय होतं, हे त्या रात्री तिला माहीत नव्हतं, आपल्याला आज माहीत आहे.

मग कार्ड. नाट्यगृहात आणलेल्या प्रत्येकाची नोंद होती. आईबापांबरोबर मूल आलं आहे असं कागदावर असेल तर गाडीच्या दिवशी त्याचं नाव पुकारलं जाणारच. म्हणून मुलाला बाहेर काढण्याआधी ते कागदावरून नाहीसं करावं लागे. झ्यूसकिंड आणि हाल्वरस्टाड नोंदींमधून मुलांची नावं गाळत, कार्डं काढून घेत. हे न करता मूल पळवलं असतं तर त्याची शिक्षा आईबापांना, आणि पाळणाघराचा सगळा बेत त्याच दिवशी उघडा. तान्ह्या मुलाच्या बाबतीत आणखी एक युक्ती होती. गाडीकडे निघालेल्या आईच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली बाहुली देत. मोजणाऱ्याला बाळ दिसे. ती आई बाहुली छातीशी धरून, बाळ झोपलंय असं दाखवत चालत जाई. नटीला हे करायला सांगण्याआधी दिग्दर्शकाने त्याचा नीट विचार करावा. इथे हुंदका चालत नाही, कारण हुंदक्याने पहारेकऱ्याची नजर बाळाकडे वळेल.

मग बाहेर पडणं. पहारा रस्त्यापलीकडे, नाट्यगृहाच्या दाराशी. मधून 9 क्रमांकाची ट्राम जाई. ट्राम मध्ये उभी राहिली की काही क्षण पहारेकऱ्याला पाळणाघराचं दार दिसत नसे. तेवढ्यात मूल कडेवर घेऊन बाहेर पडायचं, ट्रामच्या आडून चालत राहायचं. ट्राममधल्या प्रवाशांना सगळं दिसे. तान्ही मुलं पाठपिशवीतून, कपड्यांच्या टोपलीतून, बटाट्याच्या पोत्यातून गेली. मोठी मुलं फिरायला नेलेल्या रांगेतून गळली. जाताना मोजली जात, म्हणून आकडा जुळवण्याची जबाबदारी रांग नेणाऱ्या मुलीवर. आणि पुष्कळशी मागच्या बागेतून, कुंपणावरून पलीकडे फान हुल्स्टांच्या विद्यालयात देत. तिथे एक वर्ग मुलांच्या दुपारच्या झोपेसाठी दिलेला होता, त्यामुळे त्या इमारतीत लहान मुलं दिसणं खटकत नसे. विद्यालयाच्या पुढच्या दाराने ती निघून जात.

अशा रीतीने सुमारे 600 मुलं वाचली. ती मोजून संपण्याआधी उरलेली हकिगतही सांगायला हवी. जुलै 1943मध्ये पिमेंटेल यांना पकडून नेलं, सप्टेंबरात आउशवित्झमध्ये त्यांचा खून झाला. 29 सप्टेंबर 1943 रोजी पाळणाघर रिकामं केलं. पाळणाघर संपणार हे कळल्यावर फान हुल्स्टांपुढे ऐंशी-नव्वद मुलं उभी होती आणि त्यांतली किती नेता येतील हे ठरवायचं होतं. त्यांनी 12 नेली. आपण 12च का नेली, 13 का नाही, हा प्रश्न ते म्हातारपणापर्यंत स्वतःला विचारत राहिले. 2018मध्ये, वयाच्या 107व्या वर्षी ते वारले. झ्यूसकिंड यांची बायको आणि लहान मुलगी आउशवित्झमध्ये मारल्या गेल्या, ते स्वतः 1945च्या सुरुवातीला मेले.

यातले मुख्य कर्तेधर्ते बहुतांशी ज्यू होते, हे आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. आपल्या नाटकांत ज्यू माणसं रडतात, घाबरतात, वाचवली जातात. वाचवणारे तेवढे बाहेरचे. पिमेंटेल आणि झ्यूसकिंड यांच्याकडे बघून ही वाटणी टिकत नाही.

दारातून बाहेर पडलेल्या मुलाची पुढची जबाबदारी चार गटांकडे होती: उट्रेख्टच्या विद्यार्थ्यांची बालसमिती, पीट मेरबुर्ख यांचा ॲम्स्टरडॅमचा विद्यार्थी-गट, ‘त्राउ’ या भूमिगत वृत्तपत्राभोवतीचा गट, आणि ‘एनव्ही’ नावाचा गट. मुलाला नेणाऱ्या बहुधा तरुण मुली असत. बाईच्या कडेवर मूल कुणाला खटकत नाही, आणि तरुण पुरुष दिसला की जर्मनीत मजुरीला धाडण्यासाठी त्यालाच धरत. नियम साधे. नेणारीला मुलाचं खरं नाव माहीत नको, ठेवून घेणाऱ्याला आईबापांचा पत्ता नको, पत्ता कागदावर नको. काळ्या केसांची मुलं दक्षिणेला लिम्बुर्खमध्ये, तिथे सावळे, काळ्या केसांचे लोक बरेच. सोनेरी केसांची उत्तरेला फ्रिसलंडमध्ये. लिम्बुर्खमध्ये हेर्लेन, ब्रुन्सुम, ट्रेबेक या भागातल्या खाणकामगारांच्या घरांत पुष्कळ मुलं राहिली. दोन खोल्यांत आधीच सहा-सात माणसं, त्यात आणखी एक. ओळख पाद्री, डॉक्टर किंवा सुईणीमार्फत. गावाला सांगायचं ठरलेलं: रॉटरडॅमचं मूल, 14 मे 1940च्या बॉम्बहल्ल्यात घर गेलं. शहर खरोखर बेचिराख झालेलं, त्यामुळे पडताळायला कुणी जात नसे.

तान्ही मुलं काही काळ लोकांच्या उंबऱ्यावर ठेवत, म्हणजे बेवारस सापडलेलं मूल म्हणून नोंद होई. जर्मनांच्या ते लक्षात आलं आणि बेवारस मूल ज्यूच समजावं असा हुकूम निघाला. त्यानंतर काही अविवाहित मुलींनी ते बाळ स्वतःचं म्हणून नोंदवलं. त्या काळच्या चर्चला बांधलेल्या गावात याची किंमत काय होती, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

खरी ओढाताण रोजच्या जेवणाची. सगळं रेशनवर. पाव, दूध, लोणी, साबण, कापड, बूट. लपलेल्या मुलाचं कार्ड नाही, म्हणजे कूपन नाही. पाच माणसांच्या कूपनांत सहावं पोट. काळ्या बाजारात पैसे लागत, आणि गावातला दुकानदार मोजत असे की या घरात पाव जास्त का जातो. 1942च्या अखेरीस लपलेल्यांना मदत करणारी देशव्यापी संघटना उभी राहिली. तिला कूपनं पुरवण्यासाठी सशस्त्र गट रेशन कचेऱ्यांवर दरोडे घालत. मग जर्मनांनी ‘दुसरं मूळ रेशनकार्ड’ काढलं: ते घ्यायला ओळखपत्र घेऊन स्वतः हजर राहायचं. लपलेल्या माणसांना अन्नावाचून उघडं पाडायचं, हा त्यामागचा सरळ हेतू. पैसाही उभा करावा लागे. उट्रेख्टच्या समितीने यान काम्पर्ट यांची, गोळ्या घातलेल्या अठरा जणांवरची कविता छापून विकली. त्याच उद्योगातून पुढे एक मोठी डच प्रकाशनसंस्था जन्मली. उट्रेख्टचे आर्चबिशप दे योंग यांच्याकडूनही रक्कम आली.

आणि मूल वाढतं! नाटकात ते पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत तेवढंच राहतं. प्रत्यक्षात सहा महिन्यांत बूट आखूड होतात, दोन वर्षांत कोट. कापडाला वेगळी कूपनं. त्यात मूल रात्री गादी ओली करतं. ताटातुटीनंतर हे इतक्या मुलांच्या बाबतीत झालं की, मूल एका घरातून दुसऱ्या घरात हलवायची पाळी येण्याचं हे एक नेहमीचं कारण होतं. साबण नाही, वाळवायला दोरीवर टाकली तर शेजारी विचारणार, यांच्याकडे एवढं लहान कोण आहे? खरूज, उवा, खोकला. डॉक्टर प्रश्न न विचारणारा हवा. मूल हलवायचं म्हणजे पुन्हा नवं नाव, नवी मावशी, नवा पत्ता. दहापेक्षा जास्त घरं बदललेली मुलंही होती.

मुलाला शिकवायचं काय? नवं नाव, नवं आडनाव, जन्मगाव. जुन्या नावाने कुणी मागून हाक मारली तर वळायचं नाही. आईबापांबद्दल कुणाशी बोलायचं नाही. कॅथलिक घरात गेलं तर उजव्या हाताने क्रूस कसा करायचा, जेवणाआधी काय म्हणायचं, ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना न अडखळता. डुकराचं मांस ताटात आलं तर तोंड वाकडं न करता खायचं. शनिवारी काम करायचं, रविवारी स्वच्छ कपडे. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने ‘शनिवार तेली’ म्हटलं आणि पिढ्यान्पिढ्या कुणी त्यांच्या वाटेला गेलं नाही. तीच शनिवारची सवय युरोपात 1943मध्ये मुलाच्या जिवावर बेतू शकत होती. मुलग्यांची आणखी एक अडचण, सुंता. त्यामुळे मुलगी ठेवून घ्यायला लोक लवकर तयार होत. मुलाने इतरांसमोर अंघोळ करायची नाही, ओढ्यावर पोहायला जायचं नाही, झाडाआड जायचं ते एकट्याने. सहा वर्षांच्या मुलाला हे कारण न सांगता पाळायला लावायचं. आणि झोपेत बडबडण्यावर तर कुणाचाच इलाज नव्हता.

पकडून देणारेही धंदा म्हणूनच काम करत. 1943मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये हेनाइके टोळी होती. पकडून दिलेल्या प्रत्येक ज्यूमागे तिला सुरुवातीला साडेसात गिल्डर मिळत, मूल असो की म्हातारा. या टोळीने आठ हजारांहून अधिक माणसं पकडून दिली. लपलेलं सापडलं की ते गुन्हेगार ठरे. वेस्टरबोर्कमध्ये शिक्षेच्या बराकीत आणि पहिल्या गाडीने पूर्वेला. नेदरलंड्समध्ये 25 ते 28 हजार ज्यू लपले, त्यांतले सुमारे एकतृतीयांश पकडले गेले.

बेल्जियमचं एक उदाहरण दिग्दर्शकांसाठी राखून ठेवलं आहे. तिथे सप्टेंबर 1942मध्ये स्थापन झालेल्या ज्यू बचाव समितीने मुलांसाठी खास विभाग चालवला. आंद्रे ग्यूलें, इडा स्टेर्नो अशा बायका मुलं पोचवत आणि दर महिन्याला जाऊन पैसे, कूपनं देत, मूल कसं आहे बघत. प्रश्न असा की युद्धानंतर कोण कुणाचं हे कळायला नोंद तर हवी, पण नोंद सापडली तर सगळी मुलं जाणार. त्यांनी नोंद वेगवेगळ्या वह्यांमध्ये फोडली. एकीत खरं नाव आणि एक क्रमांक, दुसरीत तोच क्रमांक आणि खोटं नाव, तिसरीत पत्त्यांच्या खुणा. वह्या वेगवेगळ्या जागी. एक वही हाती लागली तर तिचा काही उपयोग नाही. सगळ्या एकत्र ठेवल्या तरच मूल सापडतं. वर्गात हे वह्या फोडून करून दाखवता येतं, पाचवीच्या मुलांनाही कळतं.

आणि 20 मे 1943. ब्रुसेल्सच्या आंदरलेख्ट भागातल्या एका मठात गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, 15 ज्यू मुली सापडल्या. मुलींची तयारी करायला वेळ द्या, अशी विनवणी करून मठप्रमुख सिस्टरने दुसऱ्या दिवसापर्यंतची मुदत मिळवली. त्याच रात्री प्रतिकारगटातले तरुण आले, मुलींना घेऊन गेले, आणि जाताना मठातल्या जोगिणींना (नन्सना) बांधून ठेवलं, टेलिफोनची तार कापली. सकाळी गेस्टापोला बघायला मिळाली ती लूट झालेली जागा आणि बांधलेल्या जोगिणी. पुढचा विचार एवढा नेमका होता म्हणून त्या जोगिणीही वाचल्या.

पोलंडची गोष्ट वेगळ्याच पातळीवरची. तिथे ज्यूला आसरा देणाऱ्याला ऑक्टोबर 1941च्या हुकुमाने थेट मृत्युदंड होता. व्हॉट्सॲपवर फिरणारी इरेना सेंडलर यांची गोष्ट आपण सगळ्यांनी वाचली आहे: मुलांची नावं पातळ कागदाच्या पट्ट्यांवर लिहून बरणीत घालून झाडाखाली पुरली. खरी आहे. पण त्या वॉर्सा नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यात होत्या, म्हणून त्यांना घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, जायचा परवाना होता. त्यांच्याबरोबर वीसएक सहकारी, बहुतेक बायका, लेश्नो रस्त्यावरची दोन्हीकडे दारं असलेली कोर्टाची इमारत, मठ, अनाथाश्रम आणि ‘झेगोटा’ ही भूमिगत संघटना होती. आपण एकटीने काही केलं नाही, असं त्या स्वतः सांगत असत. मग आपण एकटीची गोष्ट का करतो? आणि तिथे भाषेची अडचण मोठी. घरात यिद्दिश ही ज्यूंची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या पोलिश उच्चारावरून रस्त्यावरचा खंडणीखोर त्याला ओळखी. लपवायच्या आधी मुलाला बोलायला नव्याने शिकवावं लागे.

सगळी घरं चांगली नव्हती, हेही लिहा. काही ठिकाणी मुलांना गुरांमागे राबवलं, मारलं, मुलींचा गैरफायदा घेतला. काहींना बाप्तिस्मा दिला, कुणी मुलाच्या रक्षणासाठी, कुणी त्याचा आत्मा आपला करण्यासाठी. आणि जिथे माया मिळाली तिथे युद्ध संपल्यावर दुसरी ताटातूट. दोन वर्षांचं असताना गेलेलं मूल पाच वर्षांचं होऊन समोर आलं, तर त्याला दारात उभी असलेली हाडकुळी बाई परकी वाटते, आणि जिला ते आई म्हणतं ती स्वयंपाकघरात रडत असते. नेदरलंड्समध्ये दोन हजारांच्या वर मुलं अनाथ उरली. ती कुणाकडे राहावी हे ठरवायला 1945मध्ये सरकारी आयोग नेमला गेला. त्याच्या अध्यक्षा खेसिना फान देर मोलेन. त्या स्वतः मुलं लपवणाऱ्यांतल्या. मूल लपवणाऱ्या ख्रिस्ती घरी ठेवावं की ज्यू समाजाकडे परत द्यावं यावरून वर्षानुवर्षं कडाक्याचे वाद झाले. फ्रान्समध्ये फिनाली या दोन अनाथ ज्यू भावांच्या ताब्याचा खटला 1953पर्यंत चालला. या मुलांनी स्वतः बोलायला फार उशिरा सुरुवात केली. तुम्ही लहान होता, तुम्हाला काय आठवणार, असं त्यांना घरीदारी ऐकवलं गेलं होतं. लपलेल्या मुलांचा पहिला आंतरराष्ट्रीय मेळावा 1991मध्ये न्यूयॉर्कमध्ये भरला, तेव्हा ती पन्नाशी-साठीची होती.

कोल्हापूरकर शिक्षकांसाठी एक दुरुस्ती. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित आणि युरोपातली लपलेली ज्यू मुलं, यांची गल्लत होते. वळिवड्याचे बहुतेक पोलिश कॅथलिक होते. 1940-41मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना सैबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार केलं होतं. 1942मध्ये इराणमार्गे ते बाहेर पडले. त्यांची गोष्ट सांगायलाच हवी, पण ती हिटलरपासून लपलेल्यांची म्हणून सांगू नका.

शेवटी एक कळकळीची विनंती. विद्यार्थ्यांना कपाटात बसवून ‘आता तुम्ही ज्यू मूल आहात, आवाज करू नका’ असे प्रयोग कृपया करू नका. इस्रायलमधल्या याद वाशेम या ज्यू-संहाराच्या स्मारकासारख्या संस्थाही असे खेळ घेऊ नका असंच सांगतात. त्यातून मुलं एकतर खिदळतात किंवा घाबरतात, आणि दोन्हींतून समजत काहीच नाही. त्याऐवजी चार-चार मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला हे गणित द्या: नोव्हेंबर 1942, तीन वर्षांची मुलगी, पाळणाघर ॲम्स्टरडॅममध्ये, घर हेर्लेनमध्ये. कुणाची संमती हवी? कुठली नोंद काढायची? ट्रेनमध्ये ती कुणाला काय म्हणेल? गावात काय सांगायचं? महिन्याचं दूध कुठून? सहा महिन्यांनी बूट? ताप आला तर? घर बदलावं लागलं तर नवं घर कोण शोधणार, आणि युद्धानंतर आईला ती सापडावी म्हणून नोंद कुठे आणि कशी ठेवणार? पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींना एक तास द्या, पुरतो. मोठ्या वर्गांना याच गणितात आणखी एक ओळ घाला: आई नाही म्हणाली.

संहिता, पाठ किंवा अनुवाद करताना तारखा, नावांचे उच्चार, कागदपत्रांचे तपशील तपासून हवे असतील तर आनंदाने तपासून देऊ. तालमी सुरू होण्याआधी पाठवलंत तर बरं, कारण नटांना संवाद एकदा पाठ झाले की बदलणं जड जातं.

आपले,
या विषयाचा मराठीतून अभ्यास करणारे काही जण